एक वीत पाणी

त्या सभेत मी उभा राहिलो तो फक्त 'न' या अक्षराबद्दल बोलायला. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण पुढे जे रामायण झालं त्यात माझा पुढाकार होता असा एक गैरसमज आमच्या इमारतीत पसरलेला आहे.

आमच्या इमारतीच्या मागे पाणथळ आहे. सरकारी भाषेत 'राखीव निसर्ग क्षेत्र', आमच्या भाषेत 'ते मागचं'. मधोमध तळं, भोवती दलदल, एका टोकाला बांध, आणि सगळ्यावर जलपर्णीची जाडजूड हिरवी रजई. खाली पाणी आहे हे वासावरून समजून घ्यायचं. कुंपणावर 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी होती. तिच्यातला 'न' गळून पडला होता. उरलं काय, तर 'येथे कचरा टाकू ये'. इतर कुठल्याही सरकारी पाटीला न जुमानणारे लोक या एका पाटीचं मात्र मनापासून ऐकत होते.

मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासतो. गळालेलं अक्षर दिसलं की मला दातात काहीतरी अडकल्यासारखं होतं. म्हणून सभेत उठून मी म्हणालो, "त्या पाटीचं काहीतरी केलं पाहिजे."

आमच्या अध्यक्षांना जरा कमी ऐकू येतं. "पाण्याचं काहीतरी केलं पाहिजे!" ते आनंदानं ओरडले. "अगदी बरोबर! करा तुम्ही!"

टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजल्यावर खुलासा करणं फार अवघड असतं. घरी परतलो तेव्हा मी पाणथळ सुधार समितीचा प्रमुख होतो. समितीत दुसरं कोणी नव्हतं.

सल्लागारांना मात्र तोटा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "पाण्यात तुरटी फिरवा," त्या म्हणाल्या.

"काकू, तळं केवढं आहे!"

"मग मोठी तुरटी घ्या."

दाताचे डॉक्टर म्हणाले, कीड मुळापासून काढायची, वरवर घासून उपयोग नाही. खजिनदार एकच वाक्य बोलले, "बुजवून टाका, गाड्या लावायला जागा होईल." खजिनदारांची गाडी तळघरात, खांबाला खेटून उभी राहते आणि रोज एकदा खरचटते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्यांच्या विचारांची खोली कळते.

मग सरकारी कचेऱ्या. पाणी खात्याच्या साहेबांनी सांगितलं की पाणी आमचं, पण जलपर्णी आमची नाही, ती वनस्पती आहे. जमीन खात्यात म्हणाले, तळाचा गाळ आमचा, पण ती तर वर तरंगते, तिचा पाय आमच्या जमिनीला लागलेला नाही. पक्ष्यांच्या खात्यात मी जरा चिडूनच विचारलं, "ती उडत नाही म्हणून तुमचीही नसेल?" तिथले साहेब सभ्य निघाले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि मग असं काही सांगितलं की खुर्ची दिली हे बरंच झालं.

"तुमचं पाणथळ आता राखीव राहणार नाही," ते म्हणाले. "कित्येक वर्षांत तिथं एकाही पक्ष्यानं पिल्लं काढलेली नाहीत. मेलेलं पाणथळ राखून काय करायचं? पुढच्या महिन्यात शेवटची पाहणी. तेव्हा काही जिवंत दिसलं तर ठीक. नाहीतर जागा मोकळी."

जागा मोकळी म्हणजे काय, हे मला खजिनदारांच्या चेहऱ्यासकट दिसलं. आणि गंमत पाहा, तोवर ज्या डबक्याशी माझा संबंध एका अक्षरापुरता होता, ते आता कोणी हिसकावून घेणार म्हटल्यावर मला एकदम माझं वाटायला लागलं.

त्याच साहेबांनी मला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. आम्ही त्यांना पाणथळबाई म्हणू लागलो आणि त्यांनी ते बढती मिळाल्यासारखं स्वीकारलं. बांधावर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "याला आजार एकच. याचा श्वास कोंडलाय. बांधाचं दार वर्षानुवर्षं बंद. पाणथळ म्हणजे हौद नव्हे हो! पाणी उतरलं पाहिजे, चढलं पाहिजे. काठ उघडे पडले, ऊन लागलं, की गाळात झोपलेलं बी उठतं. लव्हाळा येतो, पाणकणीस येतं, मागोमाग सगळं गोकुळ."

"मग सगळंच पाणी सोडू या का?"

"खबरदार!" त्यांनी माझ्या हातात दुर्बीण कोंबली. "ते बघा."

जलपर्णीच्या मधल्या फटीत ओल्या कचऱ्याचा एक लहानसा ढीग तरंगत होता. मी म्हणालो, "कचरा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा दुर्बीण लावली. ढिगावर एक तपकिरी, बिनशेपटीचा पक्षी बसला होता, बदकापेक्षा पुष्कळ लहान. टिबुकली. खाली अंडी होती.

"एवढं एकच घरटं आहे इथं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पाहणीला दाखवायला तुमच्याकडे दुसरं काही नाही. ते तरंगतंय म्हणून सुरक्षित आहे. चिखलात टेकलं, तर ती कुत्री चालत जाऊन अंडी खातील." कुंपणाच्या भगदाडात चार मोकाट कुत्री पहुडली होती. त्यांना कसलीही घाई नव्हती. "म्हणून पाणी उतरवायचं, पण फक्त एक वीत. हळूहळू."

एक वीत पाणी उतरवायची परवानगी मिळाली. कशी मिळाली ते विचारू नका. 'वीत कोणाची, साहेबांची की शिपायाची' इथपर्यंत चर्चा झाली होती.

आणि इथं माझे मेहुणे आले.

मेहुणे म्हणजे आमच्या हिचे थोरले भाऊ. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. त्यांनी जन्मभर कारखान्यात बॉयलर सांभाळला. जगात चाक, झडप किंवा नळ म्हणून जे काही आहे ते आपल्या हाताशिवाय चुकीचं फिरतं, अशी त्यांची श्रद्धा. मला ते लग्नापासून 'जावईबापू' म्हणतात आणि 'तुम्ही' म्हणतात. त्या 'तुम्ही'मध्ये आदर किती आणि 'आमच्या बहिणीनं हे काय निवडलं' किती, याचं पृथक्करण मला कधी जमलेलं नाही.

"मुद्रितं तपासणाऱ्याचं काम नव्हे हे," रविवारी सकाळी बांधावर बाह्या सारत ते म्हणाले. "सरका, जावईबापू."

बांधाच्या दाराला वर एक लोखंडी चाक होतं. ते फिरवलं की लांब दांड्यानं खालचं दार उचललं जायचं. चाक गंजून दगड झालं होतं. दादांनी तेल ओतलं, हातोडीनं ठोकलं, चाकात लोखंडी नळी अडकवून तिच्यावर अख्खं शरीर टाकलं. चाक करकरलं आणि फिरलं. खालून घशातून आल्यासारखा आवाज झाला आणि काळं पाणी बांधापलीकडच्या नाल्यात कोसळू लागलं. बाल्कन्यांमधून टाळ्या. दादांनी मान किंचित झुकवून त्या स्वीकारल्या.

एक वीत उतरायला फारसा वेळ लागला नाही. "बास!" बाई ओरडल्या. "बंद करा!"

दादांनी चाक उलटं फिरवलं. ते अगदी सहज फिरलं. गरगर फिरलं. इतकं हलकं फिरलं की दादांचा चेहरा उतरला. दांडा खाली कुठंतरी तुटला होता. चाक आमच्याकडे होतं, दार पाण्याखाली सताड उघडं होतं आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, आता!" दादा खेकसले. बॉयलरच्या माणसाला 'आता?' विचारू नये.

तेवढ्यात तळघरातून खजिनदारांची किंकाळी आली. तो नाला आमच्या इमारतीला वळसा घालून जातो. निदान नकाशात तरी तो वळसा घालतो. प्रत्यक्षात त्याला तळघरातून जवळची वाट सापडली होती. स्कूटरी आडव्या झाल्या, सायकली त्यांच्यावर पडल्या, आणि खजिनदारांची गाडी, जी आजवर खांबापासून बोटभर हलली नव्हती, ती हळूच हलली. लोक विजार गुडघ्यापर्यंत वर करून माझं नाव घेत धावत होते. एवढ्या लोकांना माझं नाव माहीत आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. तळ्याचा काठ आत आत सरकत होता. जलपर्णीची रजई चिखलावर बसत चालली होती. उघड्या गाळात मासे तडफडत होते, आणि बाई दुर्बीण डोळ्यांवरून काढतच नव्हत्या.

"टेकलं," त्या म्हणाल्या. "घरटं टेकलं."

टिबुकलीनं घाईघाईनं अंड्यांवर ओला पाला ओढला आणि ती उरलेल्या पाण्यात दिसेनाशी झाली. कुंपणाच्या भगदाडातलं पहिलं कुत्रं उठलं. त्यानं आळस दिला. एक पाय चिखलावर ठेवून पाहिला. तो रुतला नाही. मग दुसरा ठेवला.

यानंतर मी जे केलं त्याला आमच्या घरात 'शौर्य' आणि 'खुळेपणा' असे दोन शब्द वापरले जातात. कोण आलंय त्यावर ते ठरतं. बांधावर कोणीतरी उन्हासाठी आणलेली छत्री मी उचलली आणि खाली उतरलो.

"अहो!" मागून हिचा आवाज आला. "अहो, कुठं निघालात?"

कुत्र्याचं वजन कमी असतं आणि पाय चार असतात, हा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता. घरट्यापासून दहा-बारा हातांवर माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला डावा दाबला, तर डावा मांडीपर्यंत गेला. मग दोन्ही पायांनी आपसात समेट केला आणि मी कमरेपर्यंत खाली गेलो. छत्री उघडली, गोल फिरवली, ओरडलो. कुत्री थांबली. पळाली मात्र नाहीत. अर्धवर्तुळ करून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट कुतूहल दिसलं.

"तिथंच थांबा!" बाई ओरडल्या. "तुम्ही आहात तोवर ती पुढे येणार नाहीत!"

तिथंच थांबण्यावाचून माझ्यापुढे दुसरा पर्याय असल्यासारखं त्या बोलत होत्या.

बांधावर आता खरी धावपळ सुरू झाली. दार कशानं तरी बुजवायला हवं होतं. दगड टाकले, ते वाहून गेले. वाळूची पोती शोधेपर्यंत तळं कोरडं झालं असतं. दादा म्हणाले, "मोठं, मऊ आणि जड काहीतरी पाहिजे. पाणीच त्याला ओढून दारात घट्ट बसवेल."

ही घरात गेली आणि चार शेजाऱ्यांकरवी आमची गादी घेऊन आली. दुहेरी, कापसाची, दादांनीच लग्नात दिलेली.

"अगं, ही?" दादांचा आवाज चिरकला. "खास सांगून भरून घेतली होती मी!"

"म्हणूनच जड आहे," ही म्हणाली. "टाक."

ताडपत्रीत गुंडाळलेली गादी दोरांनी खाली सोडली. पाण्यानं ती खेचून घेतली, एक जबरदस्त हुंदका आला आणि नाल्यातली धार बोटभर झाली. बाईंनी तळ्याच्या वरच्या अंगाला धावत जाऊन तळ्यात येणारा ओढा अडवणारी फळी उचलली. ताजं पाणी आत शिरलं. बाल्कन्यांमधून पुन्हा टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मग माझ्या लक्षात आलं की पाणी चढतंय, आणि मी चढत नाहीये.

घरटं तळ्याच्या खोलगट भागात होतं. म्हणजे मीही तिथंच होतो. पाणी आधी माझ्या पट्ट्याला लागलं, मग बेंबीला. गार होतं. पाय काढायचा प्रयत्न केला की गाळ बुटांना जिवंत प्राण्यासारखा ओढत होता. कुत्री उठून काठाकडे निघून गेली. म्हणजे काम झालं होतं. पाणी छातीशी आलं तेव्हा बाल्कन्यांमधले सल्ले थांबले. आमची इमारत गप्प झालेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

"गादी काढा!" ही किंचाळली. "दादा, गादी काढ! पाणी जाऊ दे!"

दादांनी दोर हातात घेतला.

समोर घरट्याचा ढीग किंचित हलला. एक कड चिखलातून सुटली. अजून थोडंसं पाणी, की तो तरंगणार होता. गादी काढली असती तर मी वाचलो असतो, हे मला समजत होतं. आणि तरीही माझ्या तोंडून शब्द आले, "दादा, गादीला हात लावू नका!" माझ्यात एवढा आवाज आहे हे मलाच नवीन होतं. पुढचं वाक्य मात्र इतक्या जोरात आलं नाही. "पण मला काढा. लवकर काढा."

दादांनी दोर सोडला. कोणाच्या तरी न्हाणीघराचं प्लास्टिकचं दार बिजागऱ्यांसकट उपटून आणलेलं होतं. ते त्यांनी पाण्यावर टाकलं, कमरेला चादरींचा दोर बांधला आणि साठी उलटलेला तो जाडजूड माणूस पोटावर पालथा पडून हातांनी पाणी मारत माझ्याकडे आला. पाणी माझ्या गळ्याशी होतं. हनुवटी वर करून मी आकाशाकडे बघत होतो.

"माझा हात धर," ते म्हणाले. "घट्ट. आता मागे रेल. पाठीवर झोप."

"बुडेन मी."

"नाही बुडत रे! मी आहे ना! आरामखुर्चीत बसल्यासारखा रेल. एक पाय. फक्त एक पाय हलव. हळू, अरे, हळू! बहिणीला मी काय तोंड दाखवू?"

मी रेललो. कानात पाणी गेलं आणि जग मुकं झालं. फक्त दादांची पकड जाणवत होती. उजवा पाय बुटातून सुटला. मग डावा सुटला. पँटनं मात्र तळ्यात राहायचं ठरवलं होतं. त्या क्षणी मी तिच्याशी वाद घातला नाही. काठावरच्या मंडळींनी चादरी ओढल्या आणि आम्ही दोघं त्या दारावरून, एक पालथा एक उताणा, बांधाला लागलो.

साठ-सत्तर शेजाऱ्यांसमोर, निळ्या पट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीत, अंगभर काळा गाळ घेऊन मी उभा राहिलो. हिनं मला टॉवेल गुंडाळला. टॉवेलाची गाठ मारताना तिनं ती गरजेपेक्षा फारच घट्ट मारली. दादा बाजूला बसून धापा टाकत होते. मी काही बोलणार, तेवढ्यात बाईंनी हात वर केला.

घरटं तरंगत होतं. पण रिकामं होतं.

आम्ही सगळे वाट पाहत राहिलो. खजिनदार पायांतून पाणी गाळत वर आले होते. माझ्यावर ओरडण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, पण सगळ्यांनी त्यांना एकदम "शू!" केलं. काकूंनी तर त्यांचा दंडच धरला. पाण्यावर एक बुडबुडा आला. मग घरट्याजवळ एक लहानसं तपकिरी डोकं वर आलं, इकडे तिकडे वळलं, पुन्हा बुडालं. डोकं दुसऱ्या बाजूनं निघालं. टिबुकली घरट्यावर चढली, चोचीनं पाला बाजूला केला आणि अंग फुलवून बसली.

"बसली," खजिनदार कुजबुजले. त्यांच्याच तोंडून ते निघालं. मी साक्षीदार आहे.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ मासे मेले. बादल्यांतून जेवढे वाचवता आले तेवढे वाचवले. पुढचे काही दिवस असा वास सुटला की आधीचा वास लोकांना अत्तर वाटू लागला. मला काढून टाकण्यासाठी सभा भरली, पण माझ्या जागी यायला कोणी तयार होईना. गादी पाझरत राहिली, त्यामुळे पाणी अर्ध्यावरच थांबलं आणि काठ उघडे राहिले. बाई त्या चिखलातून नाचत फिरत म्हणाल्या, "एवढं पाणी उतरवायची परवानगी मला सात जन्मांत मिळाली नसती!" कुत्र्यांना दूर ठेवायला बांधावर खुर्च्या टाकून पाळ्या लागल्या. पहिली पाळी काकूंनी मागून घेतली.

मग एका सकाळी त्या चिखलावर हिरवी लव दिसली. आधी मला वाटलं, चष्म्यावर काहीतरी आहे. चार दिवसांत ती बोटभर झाली. लव्हाळ्याला लव्हाळा लागून उगवला. पाहणीला आलेल्या साहेबांनी दुर्बीण लावली तेव्हा टिबुकली घरटं सोडून पाण्यात होती आणि तिच्या पाठीवर, पंखांच्या मधून, दोन पट्टेरी डोकी बाहेर डोकावत होती. "तिसरं पलीकडच्या पंखाखाली आहे," खजिनदार साहेबांना म्हणाले. "नीट बघा." पाणथळ राखीव राहिलं.

दादा त्या दिवशी आमच्याकडेच होते. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "पोहायला शिक." एवढंच.

आता काठ दाट झालेत, आणि त्यात बेडूक आलेत. एक-दोन नव्हेत, हजारो. अंधार पडला की ते जे सुरू होतात ते थेट उजाडेपर्यंत. परवाच्या सभेत एका नव्या भाडेकरूनं तक्रार केली की झोपेचं खोबरं होतंय, समितीनं काहीतरी करावं. सगळी सभा त्याच्यावर तुटून पडली. काकू म्हणाल्या, "कानात कापूस घाला!" खजिनदार म्हणाले, ज्यांना निसर्ग सोसत नाही त्यांनी दुसरीकडे जागा बघावी. अध्यक्षांनी 'बेडूक' ऐवजी काय ऐकलं कोण जाणे, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. समितीप्रमुख म्हणून मी उठलो आणि गंभीर आवाजात सांगितलं की हा आवाज म्हणजे निरोगी पाणथळाचं लक्षण आहे आणि मला तर त्या आवाजात विलक्षण गाढ झोप लागते.

गेल्या महिन्याभरात माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. पण हे कृपा करून आमच्या इमारतीत कोणाला सांगू नका.